गोडबोल्याला तारीख विचारावी

निफाड तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा तेवढा इथे देते.

"काकू, नमस्कार. आमची दोन एकर सोनाका द्राक्षांची बाग आहे. फेब्रुवारीत माल काढला. शेजारच्या गावातला एक दलाल बाहेरच्या व्यापाऱ्याला घेऊन आला होता. ३८ रुपये किलोने सौदा ठरला, २०० क्विंटल माल गेला, ७ लाख ६० हजार झाले. आतापर्यंत अडीच लाख आले, तेही तुकड्यातुकड्याने. १२ एप्रिलच्या तारखेचा ३ लाखांचा चेक दिलाय, पण 'मी सांगेन तेव्हाच टाका' म्हणतो. उरलेल्या २ लाख १० हजारांचं नुसतंच 'पुढच्या सोमवारी' चाललंय. लेखी काही नाही. नाना, म्हणजे माझे वडील, त्याच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाहीत. 'एवढं गोड बोलणारा माणूस बुडवेल का,' म्हणतात. आई त्याला लाघवी म्हणते. आजी मात्र पहिल्या दिवसापासून गोडबोल्या म्हणते, कारण नानांशी इतकं मऊ बोलणारा हा माणूस गाडीत कॅरेट चढवणाऱ्या पोरांवर आईबहिणीवरून ओरडत होता. काकू, दोघींपैकी कुणाचा शब्द बरोबर? पैसे कसे काढायचे? आणि अजून एक. मला सिन्नरचं स्थळ आलंय. मुलगा फार गोड बोलतो. आता गोड बोलणाऱ्या कुणावरच माझा विश्वास बसेना झालाय."

बाळ, शब्दांचं मागाहून बोलू. आधी तो चेक.

चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो. म्हणजे १२ एप्रिलच्या चेकची मुदत जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात संपते. त्यानंतर बँक तो घेणार नाही. 'मी सांगेन तेव्हाच टाका' असं म्हणणाऱ्याला ही मुदत पक्की ठाऊक असते. वर तो हे फार आपुलकीने सांगतो: "उगाच चेक परत यायला नको नाना, बँकेत तुमची शोभा नको." हा चेक याच आठवड्यात नानांच्या खात्यात भर. भरण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढ. खातं कुणाच्या नावाचं आहे, सही कुणाची आहे, हे वहीत लिहून ठेव. सौदा एकाने करायचा आणि चेक तिसऱ्याच फर्मचा द्यायचा, हे या धंद्यात पुष्कळदा होतं, आणि पुढे नोटीस कुणाच्या नावाने काढायची हे त्यावरच ठरतं.

वटला तर प्रश्नच मिटला. नाही वटला तर बँक तो परत देताना कारण लिहिलेली चिठ्ठी देते. ती चिठ्ठी हरवू नकोस. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत, चेक देणाऱ्याला लेखी नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला त्याला १५ दिवस असतात. नाही भरले, तर पुढच्या एका महिन्याच्या आत कोर्टात तक्रार दाखल करायची. हे १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं १३८ वं कलम. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. तुझ्या कामाची खरी गोष्ट तर पुढेच आहे. २०१५ च्या दुरुस्तीपासून ही तक्रार, चेक ज्याच्या खात्यात भरला त्याची शाखा ज्या कोर्टाच्या हद्दीत येते, तिथे दाखल होते. नानांचं खातं निफाडला असेल तर केस निफाडला. व्यापारी दिल्लीचा असो की कानपूरचा, तारखेला इकडे त्याने यायचं, तुम्ही तिकडे नाही. नाना जे म्हणत असतील ना, "कुठं परमुलखात कोर्टाच्या चकरा मारायच्या", त्यांना हे सांग.

आणि चेक परत आला, नोटिशीचं नाव निघालं की तो नक्की येईल. हातात पेढ्यांचा पुडा असेल, नानांच्या पायाही पडेल. म्हणेल, "तो चेक परत द्या, नवा देतो, वर पंचवीस हजार जास्तीचे." नव्या चेकचे पैसे खात्यात दिसेपर्यंत जुना चेक आणि बँकेची चिठ्ठी घराबाहेर जाऊ द्यायची नाही. नव्या चेकच्या नादात जुन्याची तीस दिवसांची मुदत निघून जाते आणि आपण पहिल्या पायरीवर येतो. वाट बघायचीच असेल तर त्या तीस दिवसांच्या आत, आणि नोटीस तयार ठेवून.

आता चेकबाहेरचे २ लाख १० हजार. 'लेखी काही नाही' असं तू लिहिलंस, ते मला पटत नाही. सौदापत्र नाही, एवढंच खरं. वजनकाट्याच्या चिठ्ठ्या असतील. गाडीचा नंबर कुणीतरी फोनमध्ये टिपला असेल, नाहीतर फोटोत मागे दिसत असेल. जे अडीच लाख आले ते बँकेतून आले असतील तर पासबुकात देणाऱ्याचं नाव आहे, आणि व्यवहार झालाच नव्हता असं मग त्याला म्हणता येत नाही. दलालाचे, व्यापाऱ्याचे व्हॉट्सॲपवरचे निरोप असतील, "नाना सोमवारी नक्की" असं त्याच्या आवाजातलं काहीतरी असेल. यातलं काही पुसू नकोस. फोन बदलायचा विचार असेल तर सध्या बदलू नका, कारण कोर्टात मूळ फोनला किंमत असते.

हे सगळं एका वहीत तारखेप्रमाणे मांड आणि मग नानांच्या फोनवरून त्याला एक साधा हिशेब पाठव. चिडून लिहू नकोस. "रामराम. फेब्रुवारीत आपण आमच्याकडून सोनाका २०० क्विंटल, दर ३८ रुपये, एकूण ७ लाख ६० हजारांचा माल नेला. आजपर्यंत जमा २ लाख ५० हजार. १२ एप्रिलचा ३ लाखांचा चेक आमच्याकडे आहे. त्याशिवाय बाकी २ लाख १० हजार. हिशेबात काही फरक वाटत असेल तर कळवावे आणि बाकी कोणत्या तारखेला देणार ते कळवावे." बस. बहुतेक तो लगेच गोड उत्तर देईल: "अहो नाना, हिशेब काय पाठवता, तुमचे पैसे म्हणजे माझ्याकडे अनामत." हेच तुला हवंय. 'पैसे द्यायचे आहेत' हे त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं. त्याचा गोडवा इथे तुझ्या कामी येतो. उधारीच्या वसुलीचा दिवाणी दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, आणि देणं मान्य केल्याचा सहीचा कागद त्या मुदतीत मिळाला तर मुदत तिथून नव्याने मोजतात. म्हणून जमेल तेव्हा हाच हिशेब कागदावर त्याच्या सहीनिशी घे.

पोलिसांकडे जायचं का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असेलच. ठाण्यात बहुतेकदा ऐकायला मिळतं की हा पैशाच्या देण्याघेण्याचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. त्यात थोडं तथ्य आहे. पैसे न देणं आणि फसवणूक करणं या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. फसवणुकीत सुरुवातीपासूनच बुडवायचा इरादा होता, हे दिसावं लागतं. लोक अजून 'चारशेवीस' म्हणत असले तरी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८ वं कलम त्याच्या जागी आलं आहे. इरादा एकट्याच्या व्यवहारात दिसत नाही, चौघांच्या व्यवहारात दिसतो. त्याने तुमच्या शिवारात आणखी कुणाचा माल नेला, त्यांनाही पहिला हप्ता वेळेवर आणि नंतर सोमवारच मिळाले का, हे विचारून ये. पाच शेतकरी एकाच तऱ्हेची कहाणी, एकाच माणसाचं नाव आणि तारखा घेऊन ठाण्यात गेले की बोलणं बदलतं. आपल्याच जिल्ह्यात हे घडलेलं आहे. २०२० मध्ये प्रताप दिघावकर नाशिक परिक्षेत्राचे पोलीस महानिरीक्षक असताना त्यांनी शेतकऱ्यांचे पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा शेतकरी मोठ्या संख्येने पुढे आले आणि कितीतरी व्यापाऱ्यांनी पैसे आणून दिले. तोवर जो तो आपापल्या घरात लाजेने गप्प बसला होता.

वकिलाच्या फीची धास्ती असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, न्यायालयाच्या आवारातच असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या पुरुषांनाही मिळतो. दलाल "मी तर नुसता मधे होतो" म्हणेल. त्याला कमिशन मिळालं असेल, फोन त्याच्यावरून झाले असतील, तर त्याचंही नाव वकिलाला सांग. फक्त त्याच्या दारात माणसं नेऊन उभी करू नका आणि गावाच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकून 'चोर' लिहू नका. तुमची बाजू खरी असताना उलटी केस अंगावर कशाला घ्यायची?

आता आई आणि आजी.

लाघवी हा मुळात चांगला शब्द आहे. संस्कृतातल्या लघुवरून आलेला. लाघव म्हणजे हलकेपणा, चपळाई. हातचलाखीला आपण हस्तलाघव म्हणतो ते त्यातूनच. लाघवी बोलणं म्हणजे मनावर भार न टाकता मन जिंकणारं बोलणं. लहान मूल लाघवी असतं, नवी सून लाघवी असली की सासरचं घर तिच्याभोवती गोळा होतं. त्या शब्दात इराद्याबद्दल काहीच म्हटलेलं नाही. जीभ कशी आहे तेवढं सांगितलं आहे. आईने त्याची जीभ ओळखली, आणि त्यात ती चुकली नाही.

गोडबोल्या हा शब्द मात्र तोंडावर कुणी म्हणत नाही. तो पाठीमागेच बोलतात. गोडबोले आडनाव असतं, ते मानाचं. पण त्याचाच 'गोडबोल्या' केला की शेवटच्या 'ल्या'त सगळा निकाल लागतो: ओठात एक आहे आणि पोटात दुसरं. आजीने त्याचा इरादा ओळखला. तिने तो कशावरून ओळखला ते तू लिहिलं आहेस, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याच्याकडून काम आहे त्याच्याशी मऊ आणि ज्याच्याकडून काही नको त्याच्यावर खेकसणारा, अशा माणसाचा मऊपणा स्वभावातला नसतो. तो कामापुरता काढलेला असतो. स्वभावाने गोड असलेली माणसं हमालाशीही तशीच बोलतात. आजीने कॅरेट उचलणाऱ्या पोरांकडे लक्ष दिलं, बाकीचे सगळे पाहुण्याच्या तोंडाकडे बघत होते.

तुझ्या व्यापाऱ्याने जे केलं त्याला आपल्याकडे आणखी नेमका शब्द आहे: कोपराला गूळ लावणं. गूळ दिसतो, त्याचा वास येतो, आपल्याच हातावर असतो, आणि जीभ काही पोचत नाही. प्रत्येक 'पुढचा सोमवार' तो हाच. सौदा ठरताना केली ती साखरपेरणी. "नाना, असा मणी अख्ख्या शिवारात नाही," हे हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. या सगळ्यांना आपल्या भाषेत वेगवेगळे शब्द आहेत, कारण आपल्या माणसांनी हे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दारात सोसलं आहे. यातली साखरपेरणी गुन्हा नाही. दुकानदार करतो, जावई करतो, पैसे मागायला आलेला मुलगाही करतो. भूलथाप मात्र वेगळी. पैसे द्यायचे नाहीत हे मनात ठरवून तारीख सांगितली, तर ती भूलथाप. वर सांगितलेलं फसवणुकीचं कलम तिच्यासाठीच आहे.

द्राक्षवाल्यांनाच हे इतकं का सोसावं लागतं, याचाही विचार कर, म्हणजे नाना भोळे म्हणून फसले असं तुला वाटणार नाही. कांदा चाळीत ठेवता येतो. भाव पडला तर लासलगावला आज न नेता महिन्याने नेता येतो. तिथे उघड लिलाव होतो, व्यापाऱ्याचा परवाना बाजार समितीच्या हातात असतो, पैसे अडले तर जायला एक दार असतं. द्राक्षाचं तसं नाही. साखर उतरली की माल काढावाच लागतो. वेलीवर राहिला आणि अवकाळीचा एक सडाका आला, की मणी तडकले, वर्षभराची फवारणी, मजुरी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, सगळं पाण्यात. आभाळ भरून आलेलं असताना बांधावर गाडी घेऊन उभा राहिलेला माणूस देवच वाटतो. सौदा बागेतच होतो. २०१६ साली राज्याने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. शेतकऱ्याला कुठेही विकायची मुभा मिळाली ही चांगली गोष्ट, पण बांधावरच्या खरेदीला विचारणारं कुणी उरलं नाही. त्यात एप्रिल आला की खरड छाटणीचा खर्च उभा, औषधाच्या दुकानाची उधारी, सोसायटीचं कर्ज. ज्याची मान अशी अडकलेली असते त्याला गोड शब्द जास्त गोड लागतो. नानांच्या जागी कुणीही असतं तरी त्या दिवशी माल दिला असता.

नानांशी कसं बोलायचं, यावर मला थोडं जास्त सांगायचं आहे.

तू त्यांना "तुम्हाला फसवलं" असं म्हणत असशील तर ते थांबव. ते त्याची बाजू घेतात, याचं कारण शोध. वर्षभर त्या बागेत कोण असतं? ऑक्टोबरच्या छाटणीपासून पहाटे ट्रॅक्टर काढून फवारणीला जाणारं, थंडीच्या रात्री मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवणारं, घडाघडावरून हात फिरवणारं? आणि घरात त्या बागेबद्दल काय बोललं जातं? कर्ज किती, खर्च किती, यंदा तरी लग्नापुरते निघतील का. मग एक परका माणूस येतो, घड हातावर तोलतो, मणी उजेडात धरतो आणि म्हणतो, "नाना, असा माल मी यंदा पाहिला नाही. हात आहे तुमचा." कितीतरी वर्षांत त्यांच्या हाताबद्दल कुणी असं बोललं नसेल. आज तो खोटा आहे म्हटलं, तर ते वाक्यही खोटं ठरतं. म्हणून नाना त्याला धरून बसले आहेत.

ते वाक्य खोटं नव्हतं, हे तू त्यांना सांग. माल चांगला होता म्हणूनच तो ३८ ने घेऊन गेला. मालाबद्दल तो खरं बोलला, तारखेबद्दल खोटं बोलला. हे दोन वेगळे करून दाखवलेस, की नानांना आपली मान ताठ ठेवून पैसे मागता येतील. आणि बागेबद्दल घरातूनही बोला, पैशाचं न काढता. पैसे वसूल व्हावेत म्हणून बोलू नका, ते कौतुक त्यांचं हक्काचं आहे. ज्या घरात माणसाच्या कामाचं कौतुक होतं, तिथे बाहेरच्या कौतुकाला एवढी किंमत येत नाही.

नाना म्हणतील, लेखी मागितलं तर तो दुखावेल, विश्वास नाही असं वाटेल. त्यांना सौद्याचा दिवस आठवायला सांग. व्यापाऱ्याने काय केलं? दोन-तीन ओळींतून मणी तोडले, चुरडून रसाचा थेंब त्या छोट्या दुर्बिणीसारख्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकला, डोळ्याला लावून उजेडाकडे बघितलं आणि ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, किती ते मोठ्याने सांगितलं. नानांनी "माल गोड आहे" म्हटलेलं त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि तरी मोजलंच. नानांना त्याचा राग आला का? नाही, कारण व्यवहारात गोडी मोजायचीच असते. त्याचे शब्द मोजायचं यंत्र म्हणजे तारीख, आकडा आणि सही. त्याने मोजलं तर धंदा, आणि आपण मोजलं तर अविश्वास, असं कुठे असतं?

तारीख मागितल्यावर माणूस काय करतो, तेवढं बघायचं. लाघवी माणूस तारीख मागितल्यावरही लाघवीच राहतो. "हो, लिहा ना, त्यात काय," म्हणतो, स्वतः पेन काढतो. गोडबोल्याचा आवाज तिथेच बदलतो. आधी हसण्यावारी नेतो, मग दुखावतो, "एवढाच विश्वास का नाना माझ्यावर?" म्हणतो, आणि तरीही मागितलं तर चिडतो. तो दुखावला की आपल्यालाच अपराधी वाटतं, आणि पुष्कळ सौदे त्याच क्षणी बिनकागदाचे होतात. नानांच्या तोंडी एक वाक्य बसवून ठेव: "विश्वास आहे म्हणून तर माल देतोय. लिहायचं ते आपल्या दोघांच्या आठवणीसाठी." आवाज चढवायचा नाही, हसतच म्हणायचं. तिळगूळ देताना आपण गोड बोला म्हणतो. गोड बोलून पक्का व्यवहार करता येतो, त्यासाठी तिखट व्हावं लागत नाही.

पुढच्या हंगामात एवढं करा. साध्या कागदावर का होईना, सौदापत्र: वाण, दर, वजन कुठल्या काट्यावर, कॅरेटचं वजन किती धरायचं, वजनात सूट किती, पैसे कोणत्या तारखेला. खाली व्यापाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, आधार आणि पॅनची प्रत, दलालाची सही, दोन साक्षीदार. इसार खात्यातच घ्या. आणि एकरकमी सगळी बाग रिकामी करून द्यायची नाही. पहिल्या तोड्याचे पैसे खात्यात दिसले की दुसऱ्या तोड्याला कात्री लावायची. आभाळ आलेलं असताना हे पाळणं किती अवघड आहे ते मला कळतं. म्हणून सौद्याची बोलणी साखर उतरण्याच्या आधी, डोकं शांत असताना सुरू करा. गावातल्या चार बागा मिळून एकाच व्यापाऱ्याशी बोलल्या तर अटी घालता येतात. व्यापाऱ्याची चौकशी करायला द्राक्ष बागायतदार संघाच्या नाशिक विभागात जा, तिथे येणाऱ्याजाणाऱ्या शेतकऱ्यांना कुणी कुणाला दगा दिला ते ठाऊक असतं. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांचीच कंपनी उभी आहे, त्यांच्या पद्धतीने माल पिकवायची तयारी असेल तर तिकडे एकदा नानांना घेऊन जा. त्यांचे नियम कडक असतात, पण सगळं कागदावर असतं.

उरलं सिन्नरचं स्थळ. त्या बिचाऱ्याने तुमचे पैसे बुडवलेले नाहीत, तेव्हा व्यापाऱ्याचा राग त्याच्यावर काढू नकोस. त्याचं गोड बोलणं हा दोष नाही. तो कधी 'नाही' म्हणतो का, ते बघ. "लग्नानंतर नोकरी करशील ना?" हो. "आईबाबांजवळ राहायला लागेल?" तू म्हणशील तसं. "बागेच्या हंगामात मी महिनाभर माहेरी आले तर?" अगं त्यात काय. ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला होकारच आहे, त्याने अजून कशाचाच विचार केलेला नसतो, किंवा जे बोलतोय ते पाळायचं आहे असं त्याच्या मनात नसतं. "महिना जमणार नाही, आई एकटी असते, पंधरा दिवस जमतील," असं म्हणणारा मुलगा ऐकायला कमी गोड वाटेल, पण त्याच्या पंधरा दिवसांवर तुला तुझा बेत आखता येईल. फोन करतो म्हणाला त्या वेळी फोन येतो का, उशीर झाला तर स्वतःहून सांगतो का, हेही बघ. आणि घाई करू देऊ नकोस. निर्णयाला दोन महिने मागून घे. नानांचं हे कोर्टाचं काम चालू आहे हे त्याच्या घरच्यांना आधीच मोकळेपणाने सांग, आणि ते ऐकून ती मंडळी कशी वागतात ते बघूनच होकार कळव.